लिउवाच्या पाण्यातल्या बायका

इंगोलश्टाटमध्ये बारा वर्षे मोटारींचे ब्रेक तपासणारे यशपाल हे नियमाने जगणारे गृहस्थ. डॅन्यूबकाठी कोणी आंगलशाइन, म्हणजे मासेमारीचा परवाना, न घेता गळ टाकताना दिसला, तर ते शांतपणे फोन करून कळवत. नियम दुबळ्याच्या बाजूचा असतो, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती.

त्याच श्रद्धेपोटी त्यांनी वडिलांना सही करायला लावली होती. चंद्रपूरकडचे त्यांचे गाव वाघांच्या जंगलात होते. माणूस हटल्याशिवाय जंगल वाचत नाही, हे त्यांनी वडिलांना आकडेवारीनिशी पटवले. वडिलांनी पुनर्वसनाच्या संमतीपत्रावर सही केली आणि पुढे सात वर्षे मुलाशी गावाचा विषय काढला नाही.

गेल्या नोव्हेंबरात यशपाल झांबियातील लिउवा मैदान या राष्ट्रीय उद्यानात गेले. दोन विमाने, नदीवरचा तराफा, मग वाळूतून दिवसभर जीप. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके विरले, तेव्हा क्षितिजापर्यंत वाइल्डबीस्ट या दाढीवाल्या रानहरणांचे कळप होते. जमीनच चालू लागावी तसे ते सरकत होते आणि हजारो खुरांची थरथर जीपच्या पत्र्यातून तळपायांना जाणवत होती.

त्या कळपाच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, चार बायका टोपल्यांनी मासे धरत होत्या.

यशपालनी वाटाड्या नामाकाऊबाईंना हळूच विचारले, "या आत कशा शिरल्या? कोणाला तरी कळवायला हवं."

"कळवा ना. ती उंच आहे ती माझी मावशी, तिलाच कळवा. या पाण्यातल्या मासेमारीचा हक्क तिच्या आजीच्याही आधीपासून त्यांच्या घराण्याकडे आहे." या मैदानात हजारो माणसे राहतात, हेही त्यांनी सांगितले. "पाहुणे तुम्ही आहात."

कळपातले एक वासरू मावशीपासून हातभर अंतरावर पाणी प्यायला उभे राहिले. तिने मान वळवली नाही, त्यानेही नाही. यशपालनी नकळत टोपी काढली. जे अशक्य म्हणून त्यांनी वडिलांना सिद्ध करून दाखवले होते, ते समोर पाणी पीत उभे होते.

इंगोलश्टाटला परतताच त्यांनी वडिलांना फोन केला आणि पाहिलेले सगळे सांगितले. शेवटी म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

वडिलांनी विचारले, "त्या बाया मासोळ्या कायनं धरत होत्या?"

"टोपलीनं."

"आपल्या तळ्यावर तुही माय बी तशीच धरे," वडील म्हणाले, आणि गावाविषयी बोलू लागले.