भगीरथ गुरुजींचं बाणेदार उत्तर

टोकावड्याचे भगीरथ गुरुजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण आयुष्याची खरी कमाई एकच: एक बाणेदार उत्तर. कल्याणला कॉलेजात असताना एक प्राध्यापक भर वर्गात म्हणाले होते, "ज्यांच्या पायाला चिखल आहे त्यांनी बाहेर बसावं." त्यावर गुरुजी उठून म्हणाले, "मग सर, तुमचा डबाही बाहेर ठेवा. त्यातला भात याच चिखलातला आहे." हे उत्तर त्यांनी दर पंधरा ऑगस्टला शाळेत ऐकवलं, मुलीच्या लग्नात व्याह्यांना ऐकवलं. नात मनस्वीने त्यावर निबंध लिहून बक्षीस आणलं.

कॉलेजातले जुने वर्गमित्र दरवर्षी मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत, बैलबाजारामागच्या चहाच्या पालात जमायचे. आधी बातम्या व्हायच्या: कोण गेलं, कोणाची साखर वाढली, कोणाचा मुलगा बायकोच्या मुठीत गेला. गेलेल्यांबद्दलची हळहळ चहा येईपर्यंत टिकायची. मग आठवणी. प्रत्येकाची आठवण ठरलेली, आणि दुसऱ्याच्या आठवणीला हात लावायचा नाही, असा दंडकच होता.

२००३ साली हा दंडक मोडला. शहापूरच्या साईनाथने आपल्या सत्कारात तेच उत्तर स्वतःचं म्हणून ठोकून दिलं. बातमी कळल्यापासून गुरुजींना अन्न गोड लागेना. बैल चोरीला गेला असता तर पोलीस पाटलाकडे जाता आलं असतं, आठवणीची तक्रार कोणाकडे करणार?

जत्रेत साईनाथ निवांत बशीत चहा ओतून फुंकत बसला होता. गुरुजींनी विषय काढला, तर म्हणतो, "आरं, आपून सगलेच बोललो असू. वर्ग एकच व्हता ना?"

बाकीच्यांना बैलबाजारापेक्षा हीच झुंज आवडली. त्यांच्यातल्या कोंडूने त्या वर्षी देवकीबाईंना आणलं होतं. त्या याच वर्गातल्या, नाशकाला नर्स होत्या, नुकत्याच मुरबाडला राहायला आलेल्या. कोंडू म्हणाला, "बाईंनाच इचारा."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आपली खुर्ची बाईंना दिली आणि उभ्यानेच सगळा प्रसंग सांगितला: प्राध्यापकांच्या हातातला खडू कसा तुटला, मागच्या बाकावरून टाळी कशी आली.

देवकीबाई मान डोलावत ऐकत होत्या. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "फक्त ते बोलले मी. पहाटे भाताच्या लावणीला जाऊन तशीच गाडी धरली व्हती, पाय धुवायला टाइमच नाय मिळाला. साईनाथ, तुमी तवा बाकावर झोपला व्हता."

साईनाथला एकाएकी बसची आठवण झाली.

"आणि मी?" गुरुजींनी विचारलं.

"तुमी आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात गाठून समदं दोनदा सांगायला लावलंत. आता सांगितलंत ना, अगदी तसंच. एक शब्द इकडचा तिकडं नाय."

कोणी हसलं नाही, हेच गुरुजींना जास्त लागलं. तो वर्ग त्यांना अजूनही लख्ख दिसत होता, तुटलेल्या खडूसकट. त्यात ते स्वतःला शोधू लागले, आणि सापडले ते टोकावड्याच्या शेतात, गुडघाभर चिखलात, बापाच्या मागे वाकून भात लावताना.