बारा कात्र्या

कॅज्युअल्टीत मारामारी झाली की फरशी पुसायच्या आधी कात्र्या मोजायच्या, हा आमचा नियम. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या हेड सिस्टरने तो ओरडून ओरडून माझ्या डोक्यात बसवला आणि पुढे हेड सिस्टर झाल्यावर मी प्रत्येकीच्या. ड्रेसिंगच्या कात्र्या ट्रॉलीवर उघड्याच असतात. धक्काबुक्कीत कोण कुठली उचलेल सांगता येत नाही, आणि इथे येणाऱ्या निम्म्या माणसांच्या मनात कुणाचा तरी जीव घ्यायचा असतो. कात्र्या बारा. अकरा भरल्या की दार बंद, आणि बारावी सापडेपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.

हा नियम टाचणीला फार आवडायचा. टाचणी म्हणजे आमची इंटर्न डॉक्टर. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून दारावरच्या गार्डमामांनी तिला हे नाव ठेवलं. पहिल्याच दिवशी एक दारुडा तिच्या खांद्याला कडकडून चावला. दुसरी कुणी असती तर रडत घरी गेली असती. हिने पट्टी लावून चावा मोजला, केसपेपरवर वरचे दात आणि खालचे दात वेगवेगळे रेखाटून दाखवले, सही केली आणि मग बेसिनपाशी जाऊन ओकली. तेव्हाच मला वाटलं, ही टिकणार.

तिचा बाप ट्रक चालवायचा, आई शाळेचे गणवेश शिवायची. लेकीने कातडीची डॉक्टर व्हावं अशी बापाची फार इच्छा. "खरूज झालेला माणूस चाकू घेऊन येत नाही," असं तो मला म्हणाला होता, आणि मी मान डोलावली होती. पण लेकीला इमर्जन्सी मेडिसिनचीच, म्हणजे कॅज्युअल्टीतल्याच कामाची, रेसिडेन्सी हवी होती.

त्या रेसिडेन्सीचा प्रकार असा, की आधी निरनिराळ्या हॉस्पिटलांत मुलाखती द्यायच्या. मग आपल्याला कुठे जायचंय त्याची क्रमवार यादी भरायची. हॉस्पिटलंही त्यांना कोण हवंय त्याची यादी भरतात, आणि मशीन दोन्हींची गाठ मारतं. गाठ बसली की तीन वर्षं सुटका नाही. म्हणून पोरं यादीपायी झोप घालवतात. हॉस्टेल कसं, सुट्ट्या किती, मोठे डॉक्टर शिव्या किती देतात, सगळ्याला गुण देतात. टाचणी सात ठिकाणी जाऊन आली. तिच्या वहीतही हे सगळं होतं, पण शेवटचा रकाना फक्त तिचा होता. मुलाखत संपताना ती विचारायची, "मारामारी झाल्यावर तुमच्याकडे कात्र्या कोण मोजतं?"

एका ठिकाणी हसले. एका ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे कॅमेरे आहेत. एका चकचकीत ठिकाणचे साहेब म्हणाले, "आमच्याकडे मारामाऱ्या होत नाहीत." त्यांच्या मागच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याएवढं प्लास्टरचं ताजं ठिगळ होतं. लांबच्या एका जुनाट हॉस्पिटलात मात्र बेडपॅन घेऊन चाललेली एक घोगऱ्या आवाजाची सिस्टर थांबली आणि म्हणाली, "मी मोजते. का गं?" त्या हॉस्पिटलचा यादीत दुसरा नंबर लागला.

पहिला नंबर आमचा. कारण आमच्याकडे मी होते, आणि मी कधी चुकले नव्हते. असं तिला वाटत होतं. ते खोटं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

यादी बंद व्हायच्या तीन महिने आधीची गोष्ट. सकाळी एका भोसकलेल्या माणसाला आणलं. त्याच्यामागोमाग त्याचा मेहुणा शिवीगाळ करत आत घुसला. झटापट झाली, मामांनी त्याला बाहेर काढलं. मी त्या वेळी चादरी कमी आणल्या म्हणून लाँड्रीवाल्याशी तावातावाने भांडत होते. कात्र्या मोजल्या नाहीत. अर्ध्या तासाने तोच मेहुणा मागच्या दाराने आला आणि बेडवर पडलेल्या माणसाच्या गळ्यावर वार केला. टाचणीने हात मध्ये घातला. कात्री तिच्या डाव्या हातात मनगटाच्या वर घुसली आणि त्याने ती पिळून बाहेर ओढली. रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर आली. तो पळाला. हत्यार त्याने कुठेतरी फेकलं, ते कधीच सापडलं नाही.

पोलिसांनी लिहिलं, आरोपीने सोबत आणलेलं धारदार हत्यार. संध्याकाळी मी मोजल्या. अकरा. कपाटातून नवी काढून ट्रॉलीवर ठेवली आणि आमच्या वरच्या मेट्रनना सांगितलं, बारा. टाचणीची करंगळी तेव्हापासून वाकत नाही.

यादी बंद व्हायच्या दिवशी मुदत पाचची होती. टाचणीने आमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर फॉर्म उघडून ठेवला होता. म्हणाली, "सिस्टर, खोली रिकामी झाली की बटण दाबते." खोली कसली रिकामी होते! दोन वाजता मालधक्क्यावरचे हमाल आले. पोती उचलायच्या लोखंडी आकड्यांनी दोघंही फाटले होते. पहिल्याच्या खांद्यात आकडा तसाच रुतलेला. दुसऱ्याच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली होती, आणि तो ती टोपीसारखी हाताने दाबून चालत आला. दोघं दोन टोळ्यांचे, हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही त्यांना शेजारशेजारी निजवलं.

मग त्यांची माणसं आली. मामांच्या तोंडावर खुर्ची बसली आणि त्यांचं नाक एका बाजूला गेलं. औषधांच्या कपाटाची काच फुटली, त्या काचेवर एकजण पडला, त्याला उठू न देता दोघांनी लाथा घातल्या. एका दांडग्याने पहिल्याच्या खांद्यातला आकडा धरून खाली ओढला. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. टाचणीने स्टीलचा ट्रे उचलून त्या दांडग्याच्या मनगटावर हाणला, पुन्हा हाणला, हाड वाजेपर्यंत हाणला. त्याने आकडा सोडला आणि दुसऱ्या हाताने तिला भिंतीवर भिरकावलं. तिचा ओठ फाटला. मीही काही साध्वी नाही. सलाईनचा स्टँड आडवा करून त्याच्या गुडघ्यावर असा दिला की तो खालीच बसला.

आणि मी ट्रॉलीकडे पाहिलं. झटकन मोजल्या. "अकरा!" मी ओरडले.

रक्ताळलेल्या नाकाने मामांनी दार लावून घेतलं. कातडी सोललेल्याचा थोरला भाऊ खांद्यात आकडा रुतलेल्याच्या उशाशी उभा होता, उजवा हात पाठीमागे. टाचणी तोंडातलं रक्त थुंकली आणि सरळ त्याच्यासमोर गेली.

"कात्री आहे ना हातात? मग इकडे या. तुमच्या भावाचा शर्ट कापा."

"बाजूला हो!"

"त्याचं रक्त डोक्यापेक्षा जास्त खालून जातंय आणि मला दिसत नाही कुठून. याला मारायचं असेल तर मारा. तोवर तुमचा भाऊ मरेल. बोला, काय करू?"

त्याचा हात वर गेलेला होता. तो त्याने खाली घेतला. मग भावाकडे वळला आणि शर्ट कापायला लागला. काखेखाली चार बोटं रुंद जखम निघाली. टाचणीने तिच्यात आख्खी मूठ दाबून धरली, भाऊ जनावरासारखा ओरडला, आणि थोरल्याने कात्री माझ्या हातात दिली.

पोलीस येऊन दोन्ही टोळ्यांना घेऊन गेले. जखमी वर ऑपरेशनला गेले. साडेचार वाजले होते. टाचणी ओठावर बर्फ धरून कॉम्प्युटरसमोर बसली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. पहिल्या नंबरावर आमचं नाव.

"आज पटलं ना तुम्हाला? तुम्ही ओरडला नसता तर त्याने त्याला भोसकलंच असतं. कुठे जाऊ मी इथून?"

गप्प बसणं फार सोपं होतं. मला ती हवी होती. पोटची पोर हवी असते तशी हवी होती. पण आणखी तीन वर्षं ती माझ्याकडे पाठ करून निर्धास्त काम करणार, आणि एखाद्या दिवशी मी पुन्हा लाँड्रीवाल्याशी भांडत असणार.

"थांब, टाचणे," मी म्हटलं. "तुझ्या हातात घुसली ती कात्री आपली होती. त्या दिवशी सकाळी मी मोजल्या नव्हत्या."

तिला आधी कळलंच नाही. मग तिने आपल्या करंगळीकडे पाहिलं.

"पोलिसांना सांगितलंत?"

"नाही. कपाटातली काढून बारा केल्या."

"तीन महिने झाले."

"हो."

"माझं ड्रेसिंग रोज तुम्हीच करायचात. दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाहीत."

"हो."

टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून तिने फेकलं. ते माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटलं. मी हलले नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं.

"आज मोजल्या?"

"बारा."

"पुन्हा मोजा. माझ्यासमोर. मोठ्याने."

सव्वीस वर्षं या खोलीत काढलेली हेड सिस्टर मी, पहिलीतल्या पोरीसारखी एकेक कात्री उचलून मोजत होते. बारा झाल्यावर तिने स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला, यादीत काहीतरी खालीवर केलं आणि बटण दाबलं. पाचला नऊ मिनिटं कमी होती. काय केलं ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रनना सगळं लेखी दिलं. हेड सिस्टरची जागा गेली. आता दुसरी मोजते, मी शेजारी उभी राहते. महिन्याने निकाल लागला आणि टाचणी लांबच्या त्या जुनाट हॉस्पिटलात गेली. जाताना मामांच्या वाकड्या नाकाला हात लावून हसली. माझ्याकडे आली नाही.

परवा तिच्या कुठल्याशा कागदासाठी तिकडून फोन आला. आवाज घोगरा होता. काम झालं तरी बाई फोन ठेवेना.

"तुमच्याकडून आलेली ही पोर," ती म्हणाली, "हाताची चांगली आहे हो, पण मी कात्र्या मोजल्या की माझ्यामागून पुन्हा मोजते. रोज! तीस वर्षं झाली मला या खोलीत. माणसावर एवढासुद्धा विश्वास ठेवायचा नाही, हे तिला शिकवलं तरी कुणी?"

"मी," मी म्हटलं.