पायी चालीला पुरणारा फॅन

त्याला सगळे सावकाश म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं होतं आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. तो शववाहिका चालवायचा. या कामात सावकाश हे नाव मिळणं म्हणजे शाबासकीच समजायची.

कुठे कुणी गेलं की त्याला निरोप यायचा. मग तो धुतलेला शर्ट घालायचा, केस विंचरायचा आणि गाडी त्या घरापाशी आणून उभी करायचा. उतरताना दार आपटायचा नाही. हॉर्नची वायर तर त्याने कधीच स्वतःच्या हाताने काढून टाकली होती. स्मशानभूमी टेकडीवर होती, लोक चालत पुढे जायचे आणि गाडी त्यांच्या मागून. पुढे चालणाऱ्यांत जो सगळ्यात हळू चालतो, मग तो गेलेल्याचा म्हातारा बाप असो की दिवस भरत आलेली बहीण, त्याच्या पावलांवर नजर ठेवून सावकाश गाडी चालवायचा. आपली गाडी इतकी हलकी गुरगुरते की पुढच्यांच्या चपला ऐकू येतात, हे तो ज्याला त्याला सांगायचा. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतोच, त्याला या शांततेचा होता.

गाडी मात्र धड जीप नव्हती आणि धड टेम्पोही नव्हती. जुन्या जीपची चेसी कापून लांब केलेली, मागे काचा लावलेली पत्र्याची खोली. मूळ इंजिन मेल्यावर, गाडी ज्या अंत्यविधी संस्थेची होती तिने तिच्यात एका मालवाहू टेम्पोचं इंजिन बसवलं. ते ताकदीचं होतं, पण जागेत मावावं म्हणून खाली आणि मागे सरकवून बसवलेलं. त्यामुळे इंजिनाच्या पुढचा पंखा रेडिएटरच्या फक्त खालच्या अर्ध्या भागासमोर यायचा, तोही हातभर अंतरावरून. पळत्या गाडीला समोरून वारा लागतो, तिथे काही अडत नव्हतं. पायी चालीवर इंजिनाचा जीव गुदमरायचा.

एका दुपारी व्हायचं ते झालं. गावातला शिंपी गेला होता. चढावर अर्ध्या वाटेत बॉनेटमधून वाफ आली आणि पाणी उकळून रस्त्यावर वाहिलं. लोकांनी शिंप्याला गाडीतून काढून खांद्यावर घेतलं. त्याच्या मुलीने एकदाच मागे वळून सावकाशकडे पाहिलं. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरी बायको पलंगावर उशीला टेकून बसली होती. वर्ष झालं तिच्या आजाराला. डॉक्टर हल्ली औषधांची नावं सांगायचं सोडून "यांना जपा" एवढंच म्हणायचे, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता. तो घरी आला की ती नेहमी विचारायची, कोण होतं? आज त्याने सगळंच सांगितलं.

"चढावर बंद पडली?" ती म्हणाली.

"हो."

ती बराच वेळ चादरीची कड दुमडत राहिली. "माझ्या वेळी असं होऊ देऊ नका."

"काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी कसं? आख्खं गाव गेलं तुमच्या गाडीतून. मला म्हणून कधी चक्कर मारून आणलं नाहीत. आता एकदाच बसायचंय, तेवढं तरी धड पोचवा."

हे बोलून ती हसली. त्याला हसता येईना. तो उठून पाणी आणायला आत गेला आणि तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो रेडिएटरच्या मिस्त्रीकडे गेला. हा मिस्त्री अंगाने आडवा आणि जिभेला हाड नसलेला. बॉनेट उघडून त्याने पंखा आणि रेडिएटर यांच्यामधल्या जागेत अख्खा हात घातला.

"घोडं इथं पेंड खातंय बघा, काका. हा पंखा वारं खेचतोय ते रेडिएटरमधून थोडंच, बाकीचं आजूबाजूनं. विजेवरचा फॅन लावू. नाहीतर एक फुकटचा उपाय आहे. चढ जरा जोरात घ्या, वारं लागेल, मिटलं."

"पुढे माणसं चालत असतात."

"मग बसवा त्यांनाही गाडीत."

"ती चालायलाच आलेली असतात," सावकाश म्हणाला. मिस्त्रीने हात बाहेर काढून फडक्याला पुसला.

भंगारातून आणलेले दोन तऱ्हेचे फॅन त्याच्याकडे होते. एक जोडी नव्या छोट्या मोटारीची, पाती वळणदार, बॅटरीला लावली की नुसती कुजबुज. दुसरा एकटाच, पण मोठा, कुठल्याशा दांडग्या गाडीचा, सरळ रुंद पात्यांचा. तो चालू झाला तेव्हा टेबलावरचे नट थरथरत सरकू लागले. मिस्त्रीने दोन्ही आळीपाळीने रेडिएटरमागे धरले आणि पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान टेकवलं. छोट्या जोडीवर पान राहिलं, पण वरचा कोपरा सुटून फडफडला. मोठ्याने पान असं ओढून घेतलं की नखाने सोडवावं लागलं.

सावकाशने हे डोळ्यांनी पाहिलं आणि निवड केली कानांनी. "ती जोडी बसव."

"काका, आपल्याला गाणं ऐकायचं नाहीये. इंजिन थंड करायचंय."

"रडणाऱ्या माणसांच्या पाठीमागे मी ही पिठाची गिरणी घेऊन फिरू?"

गिऱ्हाईकच ऐकेना तर मिस्त्री तरी काय करणार. त्याने जोडी बसवली. सपाट रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने फिरवून पाहिली, तापमानाचा काटा जागेवर राहिला आणि सावकाशचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्याने बायकोला ही बातमी दिली.

"चढावर नेलीत?"

"सपाटीवर नेली. ठीक चालली."

"मी सपाटीवर जाणार आहे का?"

तिने पाय खाली सोडले, चपला शोधल्या, भिंतीचा आधार घेत उभी राहिली. त्याने डॉक्टरांचं नाव घेतलं, उन्हाचं नाव घेतलं, शेजारणी काय म्हणतील तेही सांगून पाहिलं. तिने एकदा ठरवलं की ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. त्याने तिला जवळजवळ उचलूनच पुढच्या सीटवर बसवलं आणि पाठीला उशी दिली.

चढाच्या पायथ्याशी ती म्हणाली, "आता नेहमीसारखी चालवा."

"पुढे कुणी नाही. अंदाज कसा यायचा?"

"आपली लेक चालतेय असं समजा."

त्याने पहिला गिअर टाकला. रस्ता रिकामा होता, पण त्याला लेकीची पावलं स्पष्ट दिसत होती आणि तो त्यांच्या मागून जात राहिला. छोटे फॅन कुजबुजत होते. काटा अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढे सरकला. तिचं काट्याकडे लक्ष नव्हतं, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तेवढ्यानेही तिला सगळं कळत होतं. वळणापाशी काटा लाल पट्टीला लागला. त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेटखाली पाणी खदखदत होतं.

"इथपर्यंत आणून सोडणार होतात तर मला," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. खिडकीतून खालची घरं दिसत होती, त्यांच्यात ती आपलं छप्पर शोधत होती.

"मोठ्याचा आवाज फार आहे गं. माणूस गेलेल्या घराला शांतता लागते."

"ती तुम्हाला लागते. इतकी वर्षं माणसं नेलीत, शांतपणे नेलंत म्हणून कुणी आभार मानले? पोचवलंत म्हणून मानले असतील."

हे त्याला लागलं, कारण ते खरं होतं. ज्या गोष्टीचा त्याने जन्मभर मान मिरवला, ती लोकांच्या ध्यानातही नव्हती. शिंप्याला लोकांच्या खांद्यावर जावं लागलं तरी त्याने तीच जपली आणि तिच्यापायी आता हीसुद्धा या वळणावर अडकली असती. त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"मला तुला न्यायचंच नाहीये," तो म्हणाला.

"ते माहितीये मला." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तापाने गरम झालेला, हलका हात. "पण दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका. तुम्हीच न्या. आणि फॅन मोठा बसवा."

पाणी निवेपर्यंत दोघं तिथेच बसली. एवढा वेळ निवांत शेजारी बसून दोघांना किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिने लेकीच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली, त्याने ती मध्येच दुरुस्त केली, त्यावरून थोडा वादही झाला.

मोठा फॅन बसवणं सोपं गेलं नाही. त्याचं वजन पेलावं म्हणून रेडिएटरला नवी लोखंडी चौकट लावावी लागली. वारा आजूबाजूने न निसटता सगळा जाळीतूनच यावा म्हणून मिस्त्रीने भोवती पत्र्याचं कोंडाळं ठोकून दिलं. एवढ्या फॅनला जुना डायनॅमो पुरेना, तोही बदलला. पाणी तापलं की फॅन आपोआप सुरू व्हावा आणि निवलं की बंद, अशी जोडणी केली. हे सगळं मिस्त्रीने तोंड मिटून केलं. मी आधीच सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाला नाही. त्याच्या स्वभावाकडे पाहता त्याला ते फार जड गेलं असणार.

तोवर बायकोचं उठणं बंद झालं होतं. सावकाशने गाडी चढावर नेऊन आणली आणि तशीच तापलेली, चालू ठेवून तिच्या खिडकीखाली उभी केली. फॅन कडाडून सुरू झाला. खिडकीची काच झणझणली, सावलीत झोपलेलं कुत्रं उठून निघून गेलं. तो ओशाळून आत आला.

तिने डोळे उघडले नाहीत. "काटा?"

"अर्ध्यावर. चढावरसुद्धा हलला नाही."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि झोपली.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. संस्थेची माणसं म्हणाली, आज दुसरा ड्रायव्हर देतो, तुम्ही चालत या. सावकाशने नकाराची मान हलवली, धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि गाडी स्वतःच्या दाराशी आणली.

लेक सगळ्यांच्या पुढे चालत होती. आईजवळ जागून तिच्या पायांतलं बळ गेलं होतं, मध्येच थांबत होती, कुणी दिलेला हात झिडकारत होती. इतक्या हळू ही गाडी कधीच गेली नव्हती. चढ लागला आणि फॅन सुरू झाला. एकदोघांनी दचकून मागे पाहिलं, पुन्हा चालू लागले.

स्टिअरिंगवर बसून सावकाश आजवर कधी रडला नव्हता. ड्रायव्हरला पुढची पावलं दिसायला हवीत. आज मात्र त्याच्या गळ्यातून आवाज निघाला आणि तो त्याला आवरता आला नाही. लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं टाकून, तो मोठ्याने रडत होता. पुढच्या माणसांपैकी एकाचीही मान वळली नाही. फॅनपुढे कुणाला काही ऐकूच जात नव्हतं. बाहीने डोळे पुसायचे, लेकीची पावलं बघायची, काटा बघायचा, पुन्हा रडायचं. असं करत त्याने वळण घेतलं, सगळा चढ चढला आणि तिला वरपर्यंत पोचवलं.

त्याने इंजिन बंद केलं. पाणी निवेपर्यंत हा फॅन इंजिन बंद झाल्यावरही फिरत राहतो. माणसं मागच्या दाराशी जमली. चालत आलेला मिस्त्री खिडकीपाशी आला, सावकाश आत अजून रडतोय हे त्याने पाहिलं आणि गाडीच्या मागे जाऊन दाराच्या कडीवर हात ठेवला.

"जरा थांबा," तो लोकांना म्हणाला. "फॅन फिरत असताना हे दार उघडायचं नसतं."

असा काही नियम नाही. लोक थांबले.