शेंदरी शिळा

मसाल्यासाठी दगडफूल तळायला घेतलं की मला निजामाच्या काळातलं ते रानडुक्कर आठवतं. औंढ्याच्या डोंगरात सासूबाईंबरोबर सरपणाला गेले होते, तर ते झुडपातून निघून घुरघुरत आमच्याकडंच यायला लागलं. चढायला जवळ एकच शिळा होती, पण तिच्यावर शेंदरी ठिपके. मी चढले, सासूबाई मात्र खालीच अडल्या. "पाय लावू नको, देव हाय तो!" मी थुंकी लावून एक ठिपका घासला, बोटाला रंग लागेना. "आत्याबाई, शेंदूर न्हाई हा, दगडफुलावानी उगवलंय, या!" म्हणत त्यांना ओढूनच वर घेतलं. डुक्कर शिळेला धडकलं, फुसफुसलं अन् निघून गेलं. धापा टाकत सासूबाई म्हणाल्या, "देव न्हाई म्हनतीस, मग गेलं काहून ते?" अजून तिथनं जाताना चप्पल हातात घेते.