फ्रिजची वायर माझ्या पर्समध्ये होती

मंगळवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. जागा: वाशीममधल्या एका खाजगी दवाखान्याचं रक्तसाठा केंद्र. हजर: मी (दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारी), वैशाली (केंद्राची टेक्निशियन), बाबाराव (अटेंडंट) आणि दारात उभा प्रकाश. त्याच्या बायकोचं, सविताचं, पाच वाजता सिझर होतं. पोहरादेवीकडून आलेली, अंगात रक्त कमी. तिच्या दोन पिशव्या आमच्या फ्रिजमध्ये.

मी कामाची यादी करून, टिक मारत जगणारी बाई. भुताखेताच्या, चमत्काराच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी उठून जाते... म्हणून जे झालं तेवढंच लिहिते.

फ्रिजचं तापमान नोंदवणारा कॉम्प्युटर आठवडाभर रोज बंद पडत होता. आधी स्क्रीनवर कर्नलच्या, म्हणजे मशीनच्या मूळ प्रणालीच्या, वॉर्निंग यायच्या, प्रत्येक वॉर्निंग फ्रिजच्या तापमान-सेन्सरबद्दल, मग मशीन गोठायचं. रीस्टार्ट केलं की पुरावा साफ. म्हणून त्या दिवशी सव्वातीनला मी थोडी मेमरी राखून ठेवली आणि क्रॅश डम्प चालू केला. म्हणजे मशीन पडताना मेमरीत जे असेल त्याचा पंचनामा, एका फोल्डरमध्ये. फोल्डर नवा, रिकामा. यादीत टिक.

पुढचं काम: संशयित वायर काढणे. तीन वीसला मशीन बंद केलं, प्लग काढून टेबलावर ठेवला, सेन्सरची वायर उपसून पर्समध्ये टाकली. चार वाजेपर्यंत तिथेच बसून पंखा साफ केला. प्लग समोर होता.

चारला मशीन चालू केलं. फोल्डरमध्ये डम्प होता. वेळ — तीन एक्केचाळीस. त्यातल्या लॉगची, म्हणजे मशीनच्या नोंदवहीची, शेवटची ओळ: फ्रिज, अकरा अंश.

"ताई, तुमच्यासारखी यादी करायले शिकलं वाटते ते," वैशाली हसली.

मी घड्याळ तपासलं. मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळत होतं. रक्त दोन ते सहा अंशांत ठेवायचं असतं. मी बाबारावांकडे हाताने लिहायचं रजिस्टर मागितलं. चार, चार, चार... आणि संध्याकाळी सहाच्या रकान्यातही चार.

"बाबाराव, सहा वाजले का?"

"नाही न. रोज चारच राह्यते, म्हून सकाळीच लिहून ठेवतो सारं. सहापर्यंत थांबलो त मंग मेडशीची एसटी सापडत नाही मले."

वैशालीचं हसू गेलं. तिने फ्रिज उघडून आतला काचेचा थर्मामीटर बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला. अकरा. कॉम्प्रेसर बंद होता, आतला दिवा मात्र जळत होता.

"मॅडम, तिले आत घेऊन राह्यले," प्रकाश म्हणाला. "पिशवी तयार हाय ना?"

"ह्या पिशव्या देता येणार नाहीत," वैशाली म्हणाली. "दुसऱ्या मागवतो. डॉक्टरांना थांबायला सांगते."

"आता काहून थांबायचं? सकाळी त हो म्हणले होते तुमी."

वैशालीने गावातल्या दुसऱ्या रक्तपेढीला फोन लावला, प्रकाशला चिठ्ठी आणि बर्फाचा डबा देऊन ऑटोत बसवलं. पावणेसहाला तो आला, डबा छातीशी धरून. सातला मुलगी झाली. सविताला त्या डब्यातल्या दोन्ही नव्या पिशव्या लागल्या.

बाबाराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता ते दर वेळी थर्मामीटर वाचून मगच लिहितात, आणि मला हाक मारून दाखवतात.

मी पुण्याच्या एका जाणकाराला विचारलं. तो म्हणाला, मधे कुणीतरी चालू केलं असेल. कोणी? प्लग टेबलावर होता, मशीन चालवेल अशी बॅटरी त्याला नाही. आणि चालू केलं म्हणू या, तरी अकरा अंश आले कुठून — वायर माझ्या पर्समध्ये, रुमालाखाली.

प्रकाश मुलीला लस द्यायला आणतो तेव्हा विचारतो, "मॅडम, फ्रिज बिघडला हे तुमाले कोनं सांगतलं वो?" मी म्हणते, मशीनने. तो मान हलवतो. त्याला त्यात नवल वाटत नाही.

आम्ही वाचली ती फक्त लॉगची शेवटची ओळ. त्या क्षणाची सगळी मेमरी डम्पमध्ये आहे. त्या दिवशीच्या यादीत नऊ कामं होती, आठांवर टिक आहे. नववं — डम्प पूर्ण उघडून वाचणे. डम्प उतरवलेला पेन ड्राइव्ह कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.