घंटा सापडली, रांग तशीच राहिली

"तांड्याचे तेवढे उभे राहा."

हेडसर एवढंच बोलले. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे आम्ही पाच जण उठलो. मी आठवीत होते. तांड्यातली पहिल्या बाकावर बसणारी मी एकटीच, बाकीचे चौघं मागं. त्या सकाळी शाळेची पितळी घंटा जागेवर नव्हती. वर्गात साठ लेकरं. दप्तरं फक्त आमची पाच जणांची उपडी केली.

माझ्या दप्तरातून भाकरी पडली, मिरचीचा ठेचा पडला, आणि एक छोटा गोल आरसा. माझ्या याडीच्या, म्हणजे आईच्या, कांचळीवरचा, म्हणजे चोळीवरचा, निखळलेला. मी तो जपून ठेवला होता. सरांनी उचलला, उजेडात धरला.

"हा कुणाच्या घरचा?"

"आमचा हाय सर. याडीचा."

"तुमचं काय असतं रे स्वतःचं?"

वर्ग हसला. सरांनी आरसा खिडकीतून बाहेर टाकला. मग खडू घेतला आणि आमच्या पाचही जणांच्या पाठीवर लिहिलं. 'तां'. तांड्यातला 'तां'. दाराजवळ जमिनीवर एक रेघ ओढली. घंटा सापडेपर्यंत रेघेच्या मागं रांगेत बसायचं. रोज सकाळी मॉनिटर पाठीवर लिहील. पुसायचं नाही.

सगळी शाळा सरांना हिटलर म्हणायची. तोंडावर म्हणायची. सरांना ते आवडायचं. इतिहास तेच शिकवायचे. त्या दिवशी खडू झटकत त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं की जर्मनीत ज्यू लोकांच्या कपड्यांवर पिवळा तारा शिवायला लावला होता, म्हणजे कोण कोण आहे ते लांबून ओळखू यायचं. याला शिस्त म्हणतात.

मी काहून विचारलं ते मला अजून कळत नाही. पण विचारलं. "सर, ज्यू म्हंजे कोण?"

"तिकडले तांडेवाले समज."

पुन्हा सगळे हसले. माझी मैत्रीण सुनंदा जरा उशिरा हसली. आधी तिनं आजूबाजूला बघितलं, मग हसली. ती मोठ्या शेतकऱ्याची पोरगी. तिची गणितं मी सोडवायचे, तिच्या डब्यातलं लोणचं मी खायचे. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना विचारलं, मला फळा दिसत न्हाई, मी पुढं बसू का? आणि माझ्या जागेवर जाऊन बसली.

बापू, माझा बाप, एकदा शाळेत आला. ऑफिसच्या दाराबाहेर वहाणा काढून उभा राहिला. बराच वेळ. आत कोणी बोलावलं नाही. घरी येऊन म्हणाला, "शिकायचं हाय ना तुला? मंग बस जिथं बसवतात तिथं." आणि पाठ फिरवून बैलाला पाणी दाखवायला गेला.

नवव्या दिवशी शिपाई घंटा घेऊन आला. घंटेची टांगायची कडी तुटली होती. त्यानं ती डाग द्यायला आखाडा बाळापूरला नेली होती. तिथून घरी गेला आणि तापानं पडला. कोणी त्याला विचारायलाही गेलं नव्हतं. चोरी झालीच नव्हती.

घंटा टांगली. वाजली. मी दप्तर उचललं आणि पुढच्या बाकाकडं निघाले.

"कुठं निघाली?"

"सर, घंटा सापडली."

"मंग?"

मी वर्गाकडं बघितलं. वर्गानं पुस्तकं उघडली होती. सुनंदा वहीत समास आखत होती, पट्टी लावून, अगदी सरळ. कोणी दुष्ट नव्हतं त्यात. त्यांना रांगेची सवय झाली होती. आणि पुढं बसायला जागा ऐसपैस झाली होती.

मी परत जाऊन बसले. वर्ष संपेपर्यंत तिथंच.

आता जे सांगते ते सांगायला जास्त तकलीफ होते. दिवाळीनंतर एक पारध्याची पोरगी वर्गात आली. तिचे आईबाप कुणाच्या तरी शेतावर पाल ठोकून राखण करायचे. सरांनी तिला आमच्यात बसवलं. आम्ही पाचही जण सरकलो. जागा द्यायला नाही, तिचा स्पर्श नको म्हणून. मॉनिटर तोवर लिहून लिहून कंटाळला होता. त्यानं खडू माझ्याकडं दिला, तुमचं तुमी लिहा म्हणाला. मी तिच्या पाठीवर 'पा' लिहिलं. आमच्यापेक्षा मोठ्या अक्षरात. खडू हातात आला तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. पंधरा दिवसांत ती यायची बंद झाली. तिचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही.

पुढं हिंगोलीला कॉलेजात इतिहास घेतला. 'तिकडले तांडेवाले' डोक्यातून जात नव्हते. त्यांचं पुढं काय झालं ते मला बघायचं होतं. लायब्ररीत सापडलं. आधी विनोद. मग पाट्या. मग वेगळे बाक, नोकऱ्यांतून हकालपट्टी. मग गाड्या भरून नेले, लेकराबाळांसकट, आणि मारून जाळले. आमचं आणि त्यांचं दुःख मी एका मापानं मोजत नाही. आम्ही जिवंत राहिलो. त्यांची राख झाली.

पण एका फोटोपाशी मी अडकले. काही ज्यू माणसं गुडघ्यावर बसून रस्ता घासत होती आणि भोवती गर्दी उभी होती. चांगले कपडे, बायका, खांद्यावर लेकरं. हसत होती. मी रस्ता घासणाऱ्यांकडं बघत नव्हते. मी गर्दीतला एकेक चेहरा बघत होते. एक पोरगी जरा उशिरा हसत असल्यासारखी वाटली. पुढं वाचलं, की घरं रिकामी झाल्यावर शेजाऱ्यांनी त्यांचे पलंग नेले, शिवणयंत्रं नेली, भांडी नेली. मी पुस्तक मिटलं. हिटलर तर एकच होता. पलंग उचलायला गल्ली लागते.

आता मी कळमनुरीला एका शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी सुनंदा घरी आली. हेडसरांना पंचाहत्तरावं लागलं, गावानं सत्कार ठेवला होता. म्हणाली, सरांनीच तुला घडवलं गं, दोन शब्द बोल. मी रांगेचं काढलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"कोणती रांग?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

म्हणून मी गेले. मांडव भरला होता. सर फेटा बांधून खुर्चीत. 'आपले लाडके हिटलर सर' असा पुकारा झाला आणि टाळ्या पडल्या. मी माईक घेतला. आरसा सांगितला, खडू सांगितला, घंटा सापडली तो दिवस सांगितला. त्या पारध्याच्या पोरीच्या पाठीवर मी काय लिहिलं तेही सांगितलं. म्हटलं, तिची माफी मी सगळ्यांसमोर मागते. मग सरांकडं वळले.

"सर, तुमी?"

सरांनी दुसरा माईक घेतला. हसले. "अगं, गंमत होती ती. शिस्त लावली म्हणून तर तू आज मास्तरीण हाय."

मांडवानं टाळ्या वाजवल्या. माझ्यासमोर, माझ्याकडं बघत. लहान लेकरांनीही वाजवल्या, मोठे वाजवतात म्हणून. सुनंदानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, लोक बघून राहिले, चल खाली.

आठवडाभरात तांड्याचा प्रमुख, नाईक, घरी आला. आमची लेकरं त्याच शाळेत जातात, काहून आग लावली म्हणून मलाच बोलला. माझा सख्खा भाऊ त्याच्याशेजारी मान खाली घालून बसला होता. मग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. तेही सरांचेच विद्यार्थी. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. दिलगिरी लिहा म्हणाले, रागात बोलले असं लिहा, विषय मिटवू.

मी लिहिलं. 'मी बोलले ते घडलेलं आहे. मी रागात नव्हते. यापुढे माझ्यासमोर कोणत्याही लेकराला जात, धर्म, तांडा, पाल बघून वेगळं बसवलं, तर मी त्याच वर्गात, त्याच तासाला, सगळ्यांदेखत बोलेन. आता पंचवीस वर्षं लावणार नाही.'

खाली सही केली, तारीख घातली.

अध्यक्षांनी दोनदा वाचलं. "बाई, हे मागं घ्या. नोकरीवर येईल."

"येऊ द्या," मी म्हटलं. "मागं घेणार न्हाई."