बक्षीसपत्रानंतरचा तांदूळ

वडिलांनी स्वतःच्या मरणाची तयारी घरातल्या कार्यासारखी काळजीने केली, आणि आम्ही ती आमच्याच हाताने पाण्यात घालवली. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

आम्ही गिरगावातल्या फणसवाडीतले. घर स्वतःचं, आणि अलिबागकडे वडिलांची भातशेती आणि नारळ-सुपारीची वाडी. ती कसायचा माझा चुलतभाऊ, दादा. मी कचेरीत खर्डेघाशी करणारा, मला नांगर धरता आला नसता. जमीन दादाला जावी यावर घरात दुमत नव्हतं. आडवा आला तो नवा मृत्युकर. घर आणि शेती एकत्र धरली की वडिलांमागे कर एवढा बसणार होता, की तो भरायला दादाला जमीनच विकावी लागली असती.

ओळखीच्या वकिलांनी वाट सांगितली. "जिवंतपणीच पुतण्याला बक्षीस द्या आणि पुढे दोन वर्षं जगा. पण मग त्या जमिनीतलं काही घ्यायचं नाही. नारळसुद्धा नाही. घेत राहिलात तर सरकार ती तुमचीच धरणार."

आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली. "पुतण्याचा नारळ घ्यायला सरकारला विचारायचं?"

बक्षीसपत्र झालं. बाहेर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, अश्रुधूर, आणि घरात वडील पथ्यपाणी सांभाळत हट्टाने जगत होते. दोन वर्षं उलटली तेव्हा ते पहिल्यांदा निवांत झोपले.

तांदूळ मात्र येतच राहिला. आमचं देवघर इथे. नव्या तांदळाचा नैवेद्य इथे दाखवल्याशिवाय गावी कुणी नवं खायचं नाही. नैवेद्याला मूठभर पुरला असता, पण मूठभर तांदूळ घेऊन काकाच्या दारात उभं राहणं दादाला जमणारं नव्हतं. तो रेवसच्या लाँचने पोतीच घेऊन यायचा. मी वडिलांना वकिलांची आठवण करून दिली.

"परत पाठवला तर त्याला वाटेल, जमीन दिली आणि नातं तोडलं," ते म्हणाले.

वडील गेले. काही महिन्यांनी करखात्याचा अधिकारी चौकशीला घरी आला. मध्यमवयीन, सौम्य, आपल्यातलाच माणूस. रस्त्यावर मोर्चा होता म्हणून जरा जास्तच टेकला. आईने चहा दिला. त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "पुतणे विचारतात ना? गावाहून काही येतं का?"

मी आईकडे डोळे वटारून पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं.

"विचारतो म्हणजे? वर्षाचा तांदूळ त्याचाच. नारळ, सुपारी, आंबे. हे जाईपर्यंत एक वर्ष चुकला नाही. जमीन मिळाली म्हणून पालटणारा नाही हो तो."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं. आईने ठसठशीत सही केली. दादाचं नाव सरकारदरबारी चांगलं लागलं, असं तिला वाटत होतं.

कर लागला. अपील केलं, हरलो. आधी खालची भातशेतं गेली, मग वाडी. मुंबईसह महाराष्ट्र झाला, गिरगावात लोक गुलाल उधळत नाचले. त्याच सुमाराला दादा बायकोमुलांना गावी ठेवून काम शोधायला आमच्याकडे आला. चिंचपोकळीच्या एका कारखान्यात चिकटला. लोखंडाच्या कामाने त्याचे हात वर्षभरात ओळखू येईनासे झाले. आईला तो कधी वावगं बोलला नाही. "काकू, तुम्ही माझं चांगलंच सांगितलंत," एवढंच म्हणायचा. मला वाटे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एका दुपारी भाजी निवडता निवडता आईने मला विचारलं, "मग मी खोटं बोलायला हवं होतं का रे?"

मी "हो" म्हटलं.

ती उठून आत गेली. त्यानंतर दादा जेवायला बसला की ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, वाढायला माझ्या बायकोला पाठवायची.